स्वप्नातील प्राणिप्रतीके : जालना परिसराच्या संदर्भात एक सांस्कृतिक-ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

स्वप्न हा मानवी जीवनातील सार्वत्रिक अनुभव आहे. स्वप्नाचा अर्थ लावण्याची पद्धत मात्र प्रत्येक समाजाने आपापल्या जीवनरीतीनुसार घडविली आहे. प्राचीन काळापासून स्वप्नविचारात प्राण्यांना महत्त्वाचे स्थान लाभलेले दिसते. इजिप्त, ग्रीस, चीन, अरबस्तान आणि भारत येथील ग्रंथांत हत्ती, बैल, सिंह, गाय, साप, गाढव, कुत्रा, मांजर इत्यादी प्राणी स्वप्नात दिसल्यास त्याचे फल काय, याची चर्चा आढळते. आधुनिक काळात सिग्मंड फ्रॉइड यांनी 1900 साली प्रसिद्ध केलेल्या स्वप्नमीमांसेने आणि त्यानंतर कार्ल युंग यांच्या आदिबंधविषयक विचाराने या विषयाला मानसशास्त्रीय अधिष्ठान दिले. या चर्चेचा रोख बहुधा व्यक्तीच्या मनावर राहिला. स्वप्नाचा अर्थ सांगण्याचा अधिकार समाजात कोणाकडे होता, हा इतिहासाच्या अभ्यासकाला महत्त्वाचा वाटणारा प्रश्न त्यात मागे पडला.

प्रस्तुत लेखात जालना जिल्हा व त्याच्या लगतचा मराठवाड्याचा प्रदेश केंद्रस्थानी ठेवून या प्रश्नाचा विचार केला आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा म्हणून 1 मे 1981 रोजी अस्तित्वात आला. परंतु या भूमीचा सांस्कृतिक इतिहास दोन सहस्रकांहून अधिक जुना आहे. बौद्ध, जैन, वैदिक-पौराणिक, वारकरी, इस्लामी आणि ख्रिस्ती अशा अनेक परंपरांचा स्पर्श या परिसराला झाला. या प्रत्येक परंपरेने स्वप्नातील प्राण्याची एक तरी महत्त्वाची कथा बरोबर आणली आहे. त्यामुळे तौलनिक अभ्यासासाठी दूरच्या संस्कृतींकडे वळण्यापूर्वी आपल्याच परिसरात पुरेशी सामग्री उपलब्ध होते.

अभ्यासाची उद्दिष्टे

1. जालना परिसराशी संबंधित विविध धर्मपरंपरांतील स्वप्नकथांमध्ये प्राण्यांना असलेला अर्थ तपासणे.
2. एकाच प्राण्याला भिन्न संस्कृतींत भिन्न अर्थ का प्राप्त होतो, याची सामाजिक कारणे शोधणे.
3. स्वप्न पाहणारी व्यक्ती आणि स्वप्नाचा अर्थ सांगणारी व्यक्ती यांच्यातील संबंधाचा विचार करणे.

भोगवर्धन आणि श्वेत हत्तीचे स्वप्न

केळणा नदीच्या काठी वसलेले भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन होय, असे अभ्यासक मानतात. सातवाहन काळात हे एक भरभराटीचे व्यापारी नगर होते. 1973 साली नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी संयुक्तपणे येथे उत्खनन केले. शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल सिद्ध केला. या उत्खननात मिळालेली हस्तिदंती स्त्रीप्रतिमा विशेष प्रसिद्ध आहे. इटलीतील पाँपेई येथे 1938 साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य आहे. हस्तिदंताची कला या नगराला अपरिचित नव्हती, हे त्यावरून स्पष्ट होते.

भोगवर्धनच्या रहिवाशांची नावे सांची येथील स्तूपाच्या दानलेखांतही आढळतात. या प्रदेशातील माणसे शेकडो कोसांवरील स्तूपाच्या उभारणीस हातभार लावत होती, ही बाब लक्षणीय आहे. त्याच सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या पूर्व तोरणावर मायादेवीच्या स्वप्नाचे शिल्प आहे. भारहूतच्या वेदिकेवरील वर्तुळाकृती शिल्पातही हाच प्रसंग कोरलेला असून त्यावर भगवंतांच्या अवतरणाचा उल्लेख करणारा लेख आहे. पुढे पाचव्या शतकात अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेणीत हा प्रसंग चित्रित झाला. अजिंठ्याचे डोंगर भोकरदनपासून फार दूर नाहीत.

निदानकथेनुसार मायादेवीने स्वप्नात पाहिलेला शुभ्र हत्ती सोंडेत पांढरे कमळ घेऊन आला, त्याने तिला तीन प्रदक्षिणा घातल्या आणि उजव्या कुशीतून प्रवेश केला. सकाळी राणीने हे स्वप्न राजाला सांगितले. राजाने चौसष्ट ब्राह्मणांना पाचारण केले. पुत्र होईल आणि तो चक्रवर्ती राजा अथवा बुद्ध होईल, असे भाकीत त्यांनी वर्तविले. या कथेत हत्ती हे राजवैभवाचे, पावसाने भरलेल्या मेघाचे आणि सौम्य सामर्थ्याचे प्रतीक आहे. त्याचबरोबर कथेची रचनाही पाहण्यासारखी आहे. स्वप्न स्त्रीला पडते, ती ते पतीला सांगते, पती विद्वानांना विचारतो आणि अर्थ पुरुषांच्या सभेत निश्चित होतो. अजिंठ्याच्या चित्रकारानेही स्वप्नाइतकेच स्वप्नफल सांगण्याच्या प्रसंगाला स्थान दिले, यावरून या सभेचे महत्त्व लक्षात येते.

जैन परंपरेतील स्वप्नमालिका

जैन परंपरेत हीच रचना अधिक शास्त्रबद्ध झालेली दिसते. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रानुसार महावीरांची माता त्रिशला हिला चौदा महास्वप्ने पडली. त्यांपैकी पहिली तीन हत्ती, बैल आणि सिंह या प्राण्यांची आहेत. दिगंबर परंपरेत ही संख्या सोळा असून त्यांत मत्स्ययुगुलाचाही समावेश होतो. ऋषभदेवांची माता मरुदेवी हिने मात्र प्रथम बैल पाहिला, असे कल्पसूत्र सांगते. पुत्राच्या नावाशी आणि लांछनाशी असलेला हा संबंध उघड आहे. येथे प्राणी हा जन्माला येणाऱ्या व्यक्तीची ओळख बनतो.

कल्पसूत्रातही राजा सिद्धार्थ स्वप्नपाठकांना दरबारात बोलावतो. बेचाळीस सामान्य स्वप्ने आणि तीस महास्वप्ने अशी एकूण बहात्तर स्वप्ने शास्त्रात वर्णिली असल्याचे ते सांगतात. म्हणजे स्वप्नशास्त्र ही या काळी एक विद्या आणि एक वृत्ती होती. त्या विद्येचे जाणकार राजाश्रयाने जगत होते. पर्युषण काळात श्वेतांबर मूर्तिपूजक समाजात या चौदा स्वप्नांच्या प्रतिमा समारंभपूर्वक मिरविल्या जातात. एका मातेचे खासगी स्वप्न अशा रीतीने संपूर्ण समाजाचा वार्षिक उत्सव झाले आहे.

वाहन आणि दिशा : गाढव, कुत्रा, उंट

वैदिक व पौराणिक परंपरेत प्राण्याच्या अर्थाचे एक वेगळे सूत्र आढळते. प्राणी कोणता, याबरोबरच माणूस त्यावर बसून कोणत्या दिशेला जातो, याला तेथे महत्त्व आहे. ऐतरेय आरण्यकात मृत्युसूचक स्वप्नांच्या यादीत रानडुकराने ठार मारणे, माकडाने अंगावर उडी घेणे आणि काळी सवत्स गाय दक्षिणेकडे हाकणे यांचा उल्लेख येतो. दक्षिण ही यमाची दिशा होय. वाल्मीकी रामायणात भरताला पडलेल्या स्वप्नात दशरथ गाढवांच्या रथातून दक्षिणेकडे जाताना दिसतो. सुंदरकांडातील त्रिजटेच्या स्वप्नात तर सर्व पात्रांची विभागणीच वाहनांनुसार झाली आहे. राम हस्तिदंती शिबिकेत व नंतर चार दातांच्या हत्तीवर दिसतो. बिभीषणालाही हत्तीच लाभतो. रावण गाढवाच्या रथात आणि कुंभकर्ण उंटावर बसून दक्षिणेस जातो. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात जो रुग्ण कुत्रे, उंट किंवा गाढवे यांच्यासह दक्षिणेस जाताना स्वतःला पाहतो, तो राजयक्ष्म्याने दगावतो, असे म्हटले आहे.

चरकाची दृष्टी सरसकट शकुनवादी नव्हती, हेही येथे नमूद केले पाहिजे. पाहिलेले, ऐकलेले, अनुभवलेले, इच्छिलेले, कल्पिलेले, भावी फल सुचविणारे आणि दोषांमुळे उद्भवलेले असे स्वप्नांचे सात प्रकार सांगून त्यांपैकी पहिल्या पाच प्रकारांना तो निष्फळ मानतो. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही मराठी म्हण याच विचाराचे लोकरूप आहे.

तथापि गाढव आणि कुत्रा हेच प्राणी अशुभ का ठरले, हा प्रश्न उरतोच. त्याचे उत्तर स्वप्नशास्त्राबाहेर, समाजरचनेत सापडते. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडालांनी गावाबाहेर राहावे आणि कुत्रे व गाढवे हेच त्यांचे धन असावे, असा नियम आहे. ज्या प्राण्यांना समाजाच्या तळाशी ढकललेल्या माणसांची संपत्ती ठरविले गेले, तेच प्राणी वरच्या वर्गाच्या स्वप्नात मृत्यूचे दूत झाले. राजाने गाढवाच्या रथात बसणे म्हणजे त्याने आपले स्थान गमावणे होय. मृत्यूची भीती आणि स्थानभ्रष्टतेची भीती या प्रतीकात एकत्र आली आहे.

याच प्राण्यांकडे श्रमिकांच्या बाजूने पाहिल्यास चित्र पालटते. मराठवाड्यातील कुंभार, वडार, बेलदार, परीट या समाजांच्या दृष्टीने गाढव हे पोटापाण्याचे साधन होते. पौष पौर्णिमेला जेजुरी येथे आणि रंगपंचमीच्या सुमारास मढी येथे भरणारे गाढवांचे बाजार त्याची साक्ष देतात. गाढवाच्या पाठीवर संसार लादून गावोगाव फिरणाऱ्या माणसाला स्वप्नात गाढव दिसले, तर त्याला मृत्यूपेक्षा उद्याच्या मजुरीची आठवण होणे अधिक स्वाभाविक आहे. कुत्र्याचेही तसेच आहे. खंडोबाच्या उपासनेत कुत्रा देवाचा सोबती आहे; वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानून त्याच्यासारखे भुंकत असत. दत्तात्रेयांच्या पायाशी असलेल्या चार कुत्र्यांना तर चार वेदांचे रूप मानले जाते. दक्षिणेकडे जाणारे चरकाचे कुत्रे आणि खंडोबाच्या पायाशी बसलेले कुत्रे एकाच संस्कृतीत नांदत होते. स्वप्नग्रंथांत मात्र पहिल्याच कुत्र्यांना स्थान मिळाले, कारण ते ग्रंथ लिहिणारे हात वेगळे होते.

सात गायी आणि दुष्काळाचे स्वप्न

स्वप्नातील प्राण्यांची जगातील सर्वांत परिचित कथा म्हणजे इजिप्तच्या राजाला दिसलेल्या सात पुष्ट आणि सात रोड गायींची कथा होय. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात आणि कुराणाच्या सूरा यूसुफमध्ये ती आली आहे. जालना परिसरात दीर्घकाळ मुस्लिम राजवटी होत्या आणि जालना शहरात सूफी परंपरेचीही स्थाने आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत स्थापिली. अशा प्रकारे एकच कथा दोन ग्रंथांच्या आधारे या भूमीत पोहोचली.

रोड गायी पुष्ट गायींना खाऊन टाकतात, हे राजाला पडलेले स्वप्न. त्याचा अर्थ सांगणारा यूसुफ मात्र कैदी आहे. सात वर्षे सुकाळाची आणि सात वर्षे दुष्काळाची, हा अर्थ सांगून तो थांबत नाही. सुकाळात पिकलेले धान्य कणसातच राखून ठेवावे, असा व्यावहारिक सल्लाही कुराणातील कथेत तो देतो. मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या पेवात ज्वारी साठविण्याच्या पद्धतीमागे हेच शहाणपण होते.

या कथेतील गाय म्हणजे वर्ष, असे रूपक भाष्यकारांनी मांडले. जालन्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशातील वाचकाला हे रूपक समजावून सांगण्याची आवश्यकता भासत नाही. 1972 च्या दुष्काळात आणि पुन्हा 2012-13 मध्ये या जिल्ह्याने भीषण टंचाई सोसली. 2012-13 मध्ये पाण्याअभावी मोसंबीच्या बागा वाळल्या. दुष्काळाची झळ गोठ्यातही तितकीच लवकर पोहोचते. जनावरांच्या बरगड्या दिसू लागतात, कडबा संपतो, बाजारात पडेल भावाने जनावरे विकली जातात. पोळ्याला ज्या बैलाला ओवाळले, त्यालाच दावणीवरून सोडण्याची वेळ येते. शेतकऱ्याच्या दृष्टीने रोड गाय हे दुष्काळाचे प्रतीक असण्याआधी दुष्काळाचा पुरावा असते. प्रतीक आणि प्रत्यक्ष यांतील हे अंतर शेतीवर जगणाऱ्या समाजात फार कमी असते, आणि म्हणूनच ही कथा तीन धर्मांत टिकून राहिली.

बहिणाबाई : वासरू आणि गुरूचे दर्शन

जालन्याच्या शेजारी, आजच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील देवगाव येथे जन्मलेल्या आणि शिऊर येथे समाधिस्थ झालेल्या संत बहिणाबाई (1628-1700) यांचे आत्मनिवेदन या विषयाच्या दृष्टीने अत्यंत मोलाचे आहे. मराठीतील स्त्रीच्या आत्मचरित्राचा हा आरंभीचा नमुना होय. जस्टिन अ‍ॅबट यांनी 1929 साली त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले.

बहिणाबाईंचा विवाह बालवयातच त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठ्या बिजवराशी झाला. कुटुंब देशोधडीला लागून कोल्हापुरास आले असता घरी दानाची गाय आणि तिचे वासरू आले. वासराला बहिणाबाईंचा विलक्षण लळा लागला. त्या जयरामस्वामींच्या कीर्तनाला जात, तेव्हा वासरूही बरोबर असे. पतीला हे मानवले नाही; त्याने बहिणाबाईंना बेदम मारहाण केली. गाय-वासराने चारापाणी सोडले आणि पुढे वासरू मरण पावले. त्या आघाताने बहिणाबाई बेशुद्ध झाल्या. याच अवस्थेनंतर त्यांना स्वप्नात तुकोबांचे दर्शन घडले आणि मंत्रोपदेश मिळाला. तुकोबा त्या वेळी हयात होते. बहिणाबाईंनी त्यांना प्रत्यक्ष पाहिलेले नव्हते.

या कथेत वासरू कशाचे प्रतीक आहे, असा प्रश्न विचारता येईल. पूर्वजन्मीच्या साधकाचे, मुक्या भक्तीचे किंवा बहिणाबाईंच्या स्वतःच्या असहायतेचे, अशी अनेक उत्तरे संभवतात. तथापि आत्मनिवेदनातील क्रम पाहता वासरू हे प्रथम एक जिवंत सोबती आहे. दावणीला बांधलेला मुका जीव आणि मारहाण सोसणारी लहान मुलगी यांच्यातील नाते तेथे आधी येते. अर्थ नंतर येतो. हा अर्थ कोणा स्वप्नपाठकाने सांगितलेला नाही. मायादेवी आणि त्रिशला यांच्या स्वप्नांचा अर्थ राजसभेने ठरविला. बहिणाबाईंनी आपल्या स्वप्नाचा अर्थ स्वतः ठरविला आणि तो अभंगांत नोंदविला. ब्राह्मण स्त्रीने शूद्र मानल्या गेलेल्या तुकोबांना गुरू करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. पती आणि समाज यांच्याकडून मिळणे अशक्य असलेली अनुमती त्यांना स्वप्नाने दिली. जन्माधिष्ठित ब्राह्मण्याची चिकित्सा करणाऱ्या वज्रसूचीचे त्यांनी पुढे मराठी रूपांतर केले, ही घटना या स्वप्नाशी सुसंगतच आहे.

स्वतः तुकोबांनाही बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला आणि कवित्वाची आज्ञा नामदेवांनी विठ्ठलासह स्वप्नात येऊन दिली, अशी परंपरा आहे. शास्त्राने ज्यांना अधिकार नाकारला, त्यांना स्वप्नाने तो दिला, असे वारकरी परंपरेबाबत म्हणता येते. मराठी भाषेने या अनुभवासाठी ‘दृष्टांत’ हा शब्द वापरावा, हेही अर्थपूर्ण आहे. न्यायशास्त्रात दृष्टांत म्हणजे सिद्धांत पटवून देणारे उदाहरण. महानुभावांच्या दृष्टांतपाठात जात्यंधांनी चाचपलेल्या हत्तीची कथा याच अर्थाने येते. लोकभाषेत मात्र देव स्वप्नात येतो, तेव्हा ‘दृष्टांत झाला’ असे म्हणतात. तर्काच्या भाषेतील पुराव्याचे स्थान सामान्य माणसाने स्वप्नाला दिले.

जागतिक संदर्भ

अन्य संस्कृतींकडे दृष्टिक्षेप टाकल्यास वरील निरीक्षणांना पुष्टी मिळते. इजिप्तमधील इ. स. पूर्व तेराव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या स्वप्नग्रंथात मोठे मांजर दिसणे शुभ असून त्याचे फल भरघोस पीक असे आहे. धान्याच्या कोठारातील उंदीर मारणारे मांजर शेतीप्रधान समाजाला शुभ वाटणे स्वाभाविक होते. मराठी लोकसमजुतीत आडवे गेलेले मांजर मात्र कामाचा विचका करते. चीनच्या प्राचीन काव्यसंग्रहात अस्वलाचे स्वप्न पुत्राचे आणि सापाचे स्वप्न कन्येचे सूचक मानले आहे. मराठी लोकमानसात साप हा वंशाचा, पूर्वजांचा आणि पुरलेल्या धनाचा राखणदार आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक स्वप्नशास्त्रज्ञ आर्टेमिडोरस याने तर स्वप्न पाहणाऱ्याचा व्यवसाय, प्रकृती व सामाजिक स्थान जाणल्याशिवाय अर्थ सांगू नये, असा दंडकच घालून दिला. आजच्या बाजारू स्वप्नफल पुस्तिकांत हा विवेक क्वचितच आढळतो.

निष्कर्ष

1. स्वप्नातील प्राण्याला स्वयंसिद्ध अर्थ नसतो. त्या प्राण्याचे समाजाच्या श्रमव्यवस्थेत, उपासनेत आणि प्रतिष्ठेच्या उतरंडीत जे स्थान असते, त्यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो.

2. हत्ती, बैल व सिंह ही राजसत्तेची प्रतीके मातांच्या स्वप्नांत दिसतात. परंतु बौद्ध व जैन कथांत त्यांचा अर्थ निश्चित करण्याचा अधिकार राजसभेतील पुरुषांकडे राहिला.

3. गाढव व कुत्रा यांना प्राप्त झालेला अशुभ अर्थ वर्णव्यवस्थेच्या दृष्टिकोनाचे प्रतिबिंब आहे. श्रमिकांच्या जीवनात आणि लोकदैवतांच्या उपासनेत या प्राण्यांचे स्थान वेगळे होते. ग्रंथबद्ध स्वप्नफलाला संपूर्ण समाजाचे मत मानता येत नाही.

4. सात गायींच्या कथेतील प्रतीक कृषिजीवनाच्या प्रत्यक्ष अनुभवातून आलेले असल्याने ते धर्माच्या सीमा ओलांडून टिकले.

5. बहिणाबाईंच्या आत्मनिवेदनात स्वप्न पाहणारी आणि त्याचा अर्थ सांगणारी व्यक्ती एकच आहे. मराठवाड्याच्या सांस्कृतिक इतिहासातील ही महत्त्वाची घटना मानावी लागते.

स्वप्नविषयक सामग्रीला अंधश्रद्धेच्या खात्यात टाकून इतिहासलेखनातून वगळले जाते किंवा श्रद्धेच्या नावाखाली तिची चिकित्सा टाळली जाते. या दोन्ही भूमिकांमुळे एक मौल्यवान साधन दुर्लक्षित राहते. ज्यांनी दानलेख कोरविले नाहीत आणि बखरी लिहिल्या नाहीत, अशा स्त्रिया, शेतकरी आणि भटके श्रमिक यांच्या मनोविश्वाकडे जाणारी एक वाट त्यांच्या स्वप्नकथांतून जाते. मौखिक परंपरेतील अशा कथा जालना जिल्ह्यातील महाविद्यालयांनी गावपातळीवर पद्धतशीरपणे संकलित केल्यास स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात मोलाची भर पडेल. असे संकलन करताना सांगणाऱ्या व्यक्तीने स्वतः लावलेला अर्थ प्रथम नोंदविला जाणे अगत्याचे आहे.